केसभर ताण

चेन्नईच्या अण्णा सालईला, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही माउंट रोडच असलेल्या त्या रस्त्याला, जनरल पॅटर्स रोड नावाचा एक फाटा फुटतो. मोटारीला शोभा आणणारी जी काही वस्तू माणसाच्या मनात येऊ शकेल ती या रस्त्यावर मिळते. आसनांची कव्हरे, कर्णे, निळे दिवे, आणि दुकानाच्या दर्शनी भागात माळेसारखी टांगलेली ॲल्युमिनियमची चाके. गेल्या पोंगलच्या सुट्टीत माझा भाचा मला तिथे घेऊन गेला. तो इथल्याच एका महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन साठवलेले आणि आईकडून मिळालेले पैसे एकत्र करून त्याने एक जुनी हॅचबॅक घेतली आहे, आणि त्या गाडीबद्दल त्याची एकच तक्रार होती.

"मामा, गाडीला स्टान्सच नाही. चाकं आत ओढून घेतल्यासारखी दिसतात."

चाके कारखान्याने बसवली होती तिथेच होती. पण त्याचे म्हणणे मला कळत होते. टायरची बाहेरची कड मडगार्डाच्या कमानीशी समपातळीत आली की गाडी रुंद, बसकी आणि जमिनीला धरून असलेली दिसते. मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमीतला पैलवान लढतीपूर्वी पाय फाकवून गुडघ्यात किंचित वाकतो, त्याला पवित्रा म्हणतात. स्टान्सला याहून चांगला मराठी शब्द मला सुचत नाही. भाच्याला गाडीचा पवित्रा रुंद करायचा होता, आणि त्यासाठी चाक आणि हब यांच्यामध्ये बसणारी धातूची जाड चकती, म्हणजे व्हील स्पेसर, हवी होती.

दुकानदाराने दोन प्रकार काउंटरवर ठेवले. एक दहा मिलिमीटर जाडीची साधी चकती. मूळ स्टडवर सरकवायची, वर चाक ठेवायचे, नट आवळायचे. दुसरी वीस मिलिमीटरची, जी आधी स्वतःच्या नटांनी हबवर आवळली जाते आणि जिच्या अंगातून निघालेल्या नव्या स्टडवर मग चाक बसते. "सार, दोन्ही सगळ्या गाड्यांना बसतात," तो अभिमानाने म्हणाला. मला नेमकी त्याच वाक्याची भीती वाटली. भाच्याचे डोळे वीसच्या चकतीवर खिळले होते. मी त्याला म्हटले, विकत घे, पण बिल जपून ठेव आणि आठ दिवस बसवू नकोस. त्या आठ दिवसांत आम्ही दोघांनी वहीत जी आकडेमोड केली, तीच इथे मांडतो. आकडे त्याच्या गाडीच्या आसपासचे आहेत, सोयीसाठी पूर्णांकात घेतलेले. वाचकांपैकी जे विद्यार्थी आहेत त्यांनी पेन्सिल घेऊन सोबत यावे.

पहिला प्रश्न भाच्यानेच विचारला, आणि तो रास्त होता. रुंद पवित्र्याने पैलवान स्थिर होतो, तर गाडी का होऊ नये? होते. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो ते काढायला वस्तुमान, बाजूचे त्वरण आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करून त्याला दोन चाकांमधल्या अंतराने भागायचे. १२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५५ मीटर उंच, चाकांमधले अंतर १.४८ मीटर आणि गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या जोराचे वळण घेतले, तर २१८५ न्यूटन, म्हणजे सुमारे २२३ किलो वजनाइतका भार सरकतो. आता दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिमीटरच्या चकत्या घालू. अंतर १.५२ मीटर झाले. सरकणारा भार आला २१२८ न्यूटन, म्हणजे २१७ किलो.

फरक सहा किलोंचा. टक्क्यांत सांगायचे तर पावणेतीनहून किंचित कमी. भाच्याने आकडेमोड दोनदा तपासली. मागच्या आसनावरची पुस्तकांची पिशवी काढून ठेवण्याइतकाच हा लाभ आहे, असे मी म्हटले तेव्हा तो हसला नाही.

शर्यतीच्या गाड्यांचे काय, असे त्याने विचारले. चेन्नईत हा प्रश्न टाळता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या धावपट्टीवर इथे अनेक दशके शर्यती झाल्या आणि १९९० पासून इरुंगाट्टुकोट्टैला कायमचा मार्ग आहे. शर्यतीची गाडी रुंद असते हे खरे, पण तिची निलंबनरचनाच त्या रुंदीसाठी आखलेली असते. शिवाय तिथे प्रत्येक फेरीनंतर चाक उतरवून पाहणारा माणूस पगारावर असतो. आपल्या गाडीचे चाक पंक्चर होईपर्यंत कोणी उतरवत नाही. शर्यतीतला आणि रस्त्यावरचा खरा फरक मला इथे दिसतो.

लाभ पावणेतीन टक्के, तर किंमत काय? किमतीचा एक भाग सुकाणूत द्यावा लागतो. पुढचे चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते तो अक्ष खाली वाढवला की रस्त्याला एका बिंदूत भेटतो. त्या बिंदूपासून टायरच्या स्पर्शाच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे स्क्रब त्रिज्या. अनेक छोट्या गाड्यांत ती मुद्दाम शून्याच्या आसपास किंवा किंचित ऋण ठेवतात. १९७२ च्या ऑडी ८० ने ही कल्पना लोकप्रिय केली. एका चाकाला कोरडा रस्ता आणि दुसऱ्याला पाणी मिळाले तरी ब्रेक लावल्यावर गाडी स्वतःच सरळ राहायला मदत करते, असा त्यामागचा विचार. वीस मिलिमीटरची चकती हा बिंदू आहे तिथेच ठेवते आणि टायर वीस मिलिमीटर बाहेर नेते. पावसाळ्यात चेन्नईच्या रस्त्याची डावी कड पाण्याखाली असते हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. ज्या अभियंत्याने ऋण पाच मिलिमीटर ठरवायला महिने घालवले असतील, त्याचे काम आपण काउंटरवरच्या एका खरेदीने धन पंधरा करून टाकतो.

दुसरा भाग बेअरिंगला द्यावा लागतो. सरळ रस्त्यावर टायरचा भार बेअरिंगच्या मध्याजवळून जावा अशी मूळ रचना असते. तो वीस मिलिमीटर बाहेर गेला की ३००० न्यूटनच्या भाराला ६० न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर कायमचा चिकटतो, आणि खड्ड्यात भार क्षणभर तिप्पट झाला तर हा जोरही तिप्पट होतो. याने बेअरिंग लगेच तुटत नाही. ते लवकर गुणगुणू लागते. हा खर्च पैशांचा आहे, जिवाचा नाही, म्हणून मी तो इथेच सोडतो.

जिवाचा प्रश्न नटांपाशी आहे.

चाक कशाने धरलेले असते, असे मी भाच्याला विचारले. "बोल्टांनी," तो म्हणाला. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे हे उत्तर मला अपुरे वाटले, पण अनेक अनुभवी मिस्त्रीही हेच सांगतील. गाडीचे वजन बोल्टांच्या दांड्यांवर टांगलेले असते अशी आपली समजूत असते. नीट आवळलेल्या चाकात तसे नसते. नट आवळला की स्टड ताणला जातो. ताणलेल्या रबरासारखा तो परत आखडू पाहतो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे दोन पृष्ठांमध्ये घर्षण तयार होते, आणि चाक त्या घर्षणाने धरलेले असते. बोल्टांचे काम दाबण्याचे. भार वाहण्याचे काम पृष्ठे करतात.

आता हा ताण किती? बारा मिलिमीटर व्यासाचा स्टड, ११० न्यूटन-मीटर जोराने आवळलेला. या जोरातला सुमारे निम्मा भाग नटाच्या बसण्याच्या जागेवरच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि स्टड ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. तरीही प्रत्येक स्टडमध्ये सुमारे ४६ किलोन्यूटन ताण येतो. साडेचार टनांहून अधिक. चार स्टडांचा मिळून १८४. घर्षणाचा गुणांक सावधपणे ०.१५ धरला तर पृष्ठे सुमारे २७ किलोन्यूटनपर्यंत सरकणार नाहीत. जोराने ब्रेक लावल्यावर तीनशे किलो भार वाहणाऱ्या चाकावर सुमारे ९०० न्यूटन-मीटरचा पिळ येतो. स्टड मध्यापासून ५० मिलिमीटरवर असतील तर तिथे तो १८ किलोन्यूटन होतो. सत्तावीस विरुद्ध अठरा. चाक हलत नाही.

ताण निम्मा झाला तर? साडेतेरा विरुद्ध अठरा. चाक हबवर सरकते. अगदी थोडे, पण सरकते. आणि पुढच्या चाकांवर ब्रेकच्या वेळी तीनशेहून बराच जास्त भार येतो, तिथे हा समतोल याहून आधीच बिघडतो.

असे एकदा सरकले की पुढे काय होते, हे गेऱ्हार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले. उतरत्या फळीवर वही ठेवा. घर्षणामुळे ती जागीच राहील. आता फळीला आडवे हलके हलके हलवत राहा. वही आडवी सरकता सरकता खालीही येऊ लागेल, कारण आडव्या सरकण्यात घर्षण खर्ची पडते आणि उताराला अडवायला उरत नाही. स्क्रूचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच. जोड आडवा हलू लागला की नट स्वतःच्याच पायांनी उतरू लागतो. त्याला कोणी सोडवावे लागत नाही. ताण घटतो, म्हणून जोड अधिक हलतो, म्हणून ताण आणखी घटतो. या साखळीत परत फिरण्याची जागा नाही.

मग ताण निम्मा कशाने होईल? इथे आमच्या वहीतला जो आकडा आला तो पाहून भाचा प्रथमच गप्प झाला. ४६ किलोन्यूटन ताणाने पंचवीस मिलिमीटर लांबीचा पोलादी स्टड किती लांबतो? ०.०६ मिलिमीटर. माणसाच्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीइतका. चार चाके, त्यांवरची गाडी आणि आतली माणसे या सगळ्यांचा हवाला या केसभर लांबण्यावर आहे. दोन पृष्ठांमध्ये रंगाचा एक थर राहिला, गंजाची पापडी राहिली, समुद्रकाठची वाळू राहिली, आणि काही दिवसांच्या हादऱ्यांनी तो थर ०.०३ मिलिमीटरने दबला, की केसाचा अर्धा भाग गेला. निम्मा ताण गेला. नट जागचा हललेला नसतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

चकती नसलेल्या चाकाला असा एकच जोड असतो. चकती घातली की एकाचे दोन होतात, दोन पृष्ठांची चार होतात. वीसच्या चकतीत नटही चाराचे आठ होतात.

माझ्या वडिलांचे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे छोटे दुकान होते. तुकडा चकमध्ये धरण्यापूर्वी ते प्रत्येक वेळी जबड्यांवरून आणि तुकड्याच्या पाठीवरून फडके फिरवत, मग अंगठ्याने चाचपत. लहानपणी मला तो त्यांचा सोवळेपणा वाटे. "एक कीस राहिला तर सगळं काम तिरपं," एवढेच ते सांगत. हे वाक्य मी ऐकले होते, पण शिकलो नव्हतो. त्याचा पुरावा पुढे आहे.

२०१२ साली मी चेन्नईत नवा होतो, नोकरी वाहन उद्योगात होती आणि माझ्याकडे एक जुनी सेडान होती. तिच्या मागच्या चाकांना मी पंचवीस मिलिमीटरच्या चकत्या घातल्या होत्या. स्वस्तातल्या नाहीत, मध्यभोक हबला नेमका बसणाऱ्या, चांगल्या धातूच्या. बसवल्या मीच, टॉर्क रेंचने, कोणा गॅरेजवर विसंबलो नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटले की पांढरी भुकटी धरते आणि जोड जाम होतो, हे मला माहीत होते. म्हणून मी हबच्या पृष्ठावर गंजरोधक रंगाचे दोन हात दिले. नीट, ब्रशने, सावकाश. त्या रविवारी स्वतःच्या कामाचे मला फार कौतुक वाटले होते.

त्या पोंगलला ताई कोल्हापूरहून आली होती, सोबत सात वर्षांचा मुलगा. आम्ही पुदुच्चेरीला गेलो. परतीला निघण्यापूर्वी मी चारही चाकांचे नट पान्याने तपासले. सगळे घट्ट. ताई म्हणाली, "किती तपासतोस रे!" मला बरे वाटले. मग ईस्ट कोस्ट रोडने उत्तरेला निघालो. तासाभरात मरक्काणमची मिठागरे दिसू लागली, आणि गाडी हळू केली की मागून टकटक असा बारीक आवाज येऊ लागला. वेग वाढवला की तो गुंजनात विरघळे. मी दोन-तीन किलोमीटर तो टायरचा आवाज आहे असे स्वतःला समजावले. मग शहाळीवाला दिसला म्हणून थांबलो. निदान तसे मी सांगितले.

मायलेक शहाळे पीत होते तेव्हा मी डाव्या मागच्या चाकाचे नट पुन्हा पाहिले. चारही घट्ट. जॅक लावून चाक उतरवले. आतली चकती हबवर सैल डुलत होती. तिला हबशी धरणाऱ्या चार नटांपैकी एक नव्हताच, दोन मी बोटांनी फिरवून काढले, आणि एकट्या चौथ्याने सगळा भार तोलून धरला होता. त्याचे भोक लांबट झाले होते. हबवरचा माझा रंग कडेने पापुद्र्यासारखा चुरगळून बाहेर आला होता.

सकाळी मी जे नट तपासले ते बाहेरचे होते. सैल झालेले चाकाच्या पाठीमागे होते, जिथे चाक उतरवल्याशिवाय ना पाना पोहोचतो ना नजर. माझ्या टायरचा परीघ १.८८ मीटर होता. मरक्काणमपासून चेन्नईपर्यंतच्या वाटेत ते चाक अजून पन्नास हजारांच्या आसपास वेळा फिरले असते, आणि प्रत्येक फेरीत तो चौथा स्टड एकदा वाकला असता.

दोन्ही चकत्या काढून, हब खरवडून, चाके मूळ स्टडवर बसवून मी सावकाश घरी आलो. ताईला सांगितले, टायरमध्ये खडा अडकला होता.

त्यानंतर मी चकत्यांच्या विरोधात गेलो असे नाही. त्या मुळातच वाईट असत्या तर पोर्शसारख्या कारखान्याने काही गाड्यांना पाच मिलिमीटरच्या चकत्या स्वतःहून दिल्या नसत्या, आणि जर्मनीत मंजुरीच्या कागदानिशी त्या रस्त्यावर चालल्या नसत्या. पण त्या कशा बसवायच्या याचे नियम दुकानात सांगत नाहीत, म्हणून इथे लिहितो. नटात किमान स्टडच्या व्यासाइतके आटे गुंतले पाहिजेत. बारा मिलिमीटरच्या स्टडला दीड मिलिमीटरचा आटा असेल तर पूर्ण आठ फेरे. भाच्याच्या गाडीचा स्टड हबच्या बाहेर पंचवीस मिलिमीटर येतो. चाकाची जाडी दहा, नटात पंधरा, म्हणजे दहा फेरे. दहाची साधी चकती मध्ये सरकवली की उरतात पाच मिलिमीटर, तीन फेऱ्यांहून थोडे अधिक. अशी चकती लांब स्टड बदलल्याखेरीज घालणे म्हणजे आत्मघात आहे, आणि मी हा शब्द जपून वापरतो. वीसच्या चकतीत दुसरी अडचण: मूळ स्टड तिच्यातून पाच मिलिमीटर बाहेर डोकावतात. चाकाच्या पाठीला त्यांच्यासाठी खोबणी नसेल तर चाक चकतीवर न बसता स्टडांच्या टोकांवर बसते, आणि घट्ट आवळल्याचा खोटा भास होतो. चकतीचा मध्यभोक हबला नेमका बसला पाहिजे. "सगळ्या गाड्यांना बसते" याचा अर्थ कोणालाच नीट बसत नाही. पृष्ठे कोरी, धातूची, रंग, तेल आणि ग्रीस यांच्याशिवाय हवीत. आट्यांना कारखान्याने सांगितल्याखेरीज वंगण नको, कारण घर्षण घटले की त्याच जोरात ताण भलताच वाढतो. नट आमनेसामनेच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळावेत. हवेच्या गनने नाही. आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाक उतरवून आतले नट पुन्हा पाहावेत. बाहेरचे पाहून समाधान मानू नये.

कायद्याचेही बोलले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम काटेकोर अर्थाने वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. चाकांमधले अंतर बदलणे यात येत नाही असा युक्तिवाद करणारे भेटतात. अपघातानंतर विमा कंपनीपुढे तोच युक्तिवाद करायची माझी तयारी नाही. भारतातल्या सार्वजनिक रस्त्यावर या चकत्यांना जागा नाही असे माझे मत आहे. बंद मार्गावर, चाक उतरवून पाहणारा माणूस हाताशी असताना, आहे.

आठव्या दिवशी मी भाच्याला मरक्काणमची गोष्ट सांगितली. त्याच्या वसतिगृहासमोरच्या टपरीवर आम्ही फिल्टर कॉफी घेत होतो. तो बराच वेळ पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात कॉफी ओतत राहिला.

"मला शहाळं आठवतंय," तो म्हणाला. "तू हात काळे करून आलास आणि आईने रुमाल दिला. तुला घाम फुटला होता. मला वाटलं, ऊन लागलं."

मी काही बोललो नाही.

"आईला माहितीये?"

"नाही."

पुढच्या आठवड्यात त्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग लावला. त्याच मापाचे दोन स्टड, एकाखाली घासून कोरी केलेली पट्टी, दुसऱ्याखाली रंगाचे दोन हात दिलेली. दोन्ही एकाच जोराने आवळून त्याने त्यांवर रात्रभर कंपने दिली. सकाळी त्याच जोरावर लावलेला रेंच कोऱ्या पट्टीवरच्या नटाला हलवू शकला नाही. रंगवलेल्या पट्टीवरचा नट निमूट पुढे फिरला. त्याने मला त्याचा व्हिडिओ पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता. ज्या शहरात १९६० च्या दशकापासून व्हील्स इंडिया चाके घडवते आणि १९६६ पासून सुंदरम फास्टनर्स नटबोल्ट, तिथल्या विद्यार्थ्याने हा प्रयोग स्वतःच्या हाताने करावा याचा मला आनंद झाला, हे लपवत नाही.

चकत्या दुकानात परत गेल्या. दुकानदाराने थोडी कुरकुर करून पैसे दिले आणि निळे दिवे दाखवले. घरी परतल्यावर मी भाच्याच्या हातात टॉर्क रेंच दिला आणि म्हटले, आता तुझ्या गाडीची आहेत तीच चाके तपास. चकती नसलेली, कारखान्याची. त्याने एकेक नट पाहिला. पुढच्या उजव्या चाकाचा तिसरा नट पाव फेरा फिरला. मागच्या महिन्यात टायर बदलला होता तेव्हापासून तो तसाच होता.

ताई या पानाची नेमाने वाचक आहे. आज संध्याकाळपर्यंत तिचा फोन येईल.